स्कायलॅबचा हरवलेला पंख

गेले तीन वीकेंड मी एक स्पेस स्टेशन बांधतोय. घाबरू नका, कॉम्प्युटरवरच! ऑर्बिटर नावाचा एक फुकट मिळणारा सिम्युलेटर आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या मार्टिन श्वायगर यांनी तो २००० साली पहिल्यांदा लोकांसाठी खुला केला आणि २०२१ मध्ये त्याचा सोर्स कोडही देऊन टाकला. यात शत्रू नाहीत, बंदुका नाहीत, स्कोअर नाही. आहे ते फक्त न्यूटनचं गणित आणि आपला संयम. शिवाय आपल्याला हवं ते यान स्वतः बनवून त्यात घालता येतं. मी बनवायला घेतली स्कायलॅब.

आता स्कायलॅबच का? तर आमच्या घरात हा शब्द लहानपणापासून ऐकलेला. १९७९च्या जुलैत ती पडणार म्हणून लोक कसे धास्तावले होते, हे आईने मला किमान वीस वेळा सांगितलंय. माझ्यासाठी मात्र स्कायलॅब म्हणजे फक्त 'पडलेली वस्तू' होती. ती वर असताना काय होती, हे कधी विचारावंसंच वाटलं नाही.

तर मंडळी, कामाची पद्धत अशी. एका थ्री-डी सॉफ्टवेअरमध्ये आकार बनवायचा, तो ऑर्बिटरच्या मेश फाइलमध्ये बदलायचा आणि सोबत एक साधी टेक्स्ट फाइल लिहायची. त्यात वस्तुमान, आकारमान, जडत्वाचे आकडे, डॉकिंग पोर्ट कुठे आहे आणि त्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे, एवढं दिलं की झालं. स्कायलॅबचा मुख्य भाग म्हणजे सॅटर्न रॉकेटचा तिसरा टप्पा, आतून रिकामा करून घर बनवलेला. सुमारे ६.६ मीटर व्यासाचा सिलिंडर. पुढे एअरलॉक आणि डॉकिंगचा भाग, वर सूर्याची दुर्बीण आणि तिचे पवनचक्कीसारखे चार सौर पंख. आणि मुख्य सिलिंडरला दोन बाजूंना दोन मोठे पंख. ड्रॉइंग समोर ठेवून मी सगळं इमानदारीत बनवलं. मस्त सममित मॉडेल!

मग खरे फोटो बघितले आणि डोक्याला हात लावला. फोटोत पंख एकच आहे.

१४ मे १९७३ला सॅटर्न-५ रॉकेट स्कायलॅबला घेऊन उडालं. ते त्या रॉकेटचं शेवटचं उड्डाण. उड्डाणानंतर ६३ सेकंदांनी स्टेशनभोवतीचं पातळ कवच वाऱ्याने उचकटून फाडून नेलं. हे कवच बारीक उल्कांपासून संरक्षणासाठी होतं आणि उन्हापासूनही तेच वाचवणार होतं. ते जाताना एका पंखाची कडी निखळली आणि दुसऱ्या पंखावर कवचाची एक पट्टी अडकून बसली. सुमारे दहा मिनिटांनी दुसरा टप्पा सुटताना त्याच्या छोट्या रॉकेटांचा झोत त्या सैल पंखावर बसला आणि पंख गेला तो गेलाच. कक्षेत पोचलेली स्कायलॅब म्हणजे एक पंख गायब, एक बांधलेला, आणि आत तापमान पन्नास अंशांच्या वर.

आता पुढची पंचाईत बघा. सूर्याकडे तोंड केलं तर दुर्बिणीच्या पंखांतून वीज मिळते पण घर भाजतं. तोंड फिरवलं तर घर थंड होतं पण वीज जाते. जमिनीवरची मंडळी दहा दिवस हा कोन थोडा इकडे, थोडा तिकडे करत तिला जिवंत ठेवत होती. तोवर ह्यूस्टनमध्ये जॅक किंझलर यांनी मासेमारीच्या गळाच्या काठ्या वापरून एका छत्रीचा नमुना तयार केला. २५ मेला पीट कॉनरॅड, जोसेफ कर्विन आणि पॉल वाइट्झ निघाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी एका छोट्या एअरलॉकमधून घडी घातलेली छत्री बाहेर सारून उघडली. तापमान उतरायला लागलं.

७ जूनला कॉनरॅड आणि कर्विन बाहेर पडले. लांब दांड्याच्या टोकाला कात्री, पण पाय ठेवायला जागा नाही. जोर लावला की माणूसच फिरतो! (न्यूटनचा तिसरा नियम शाळेत घोकला होता, त्याचा अर्थ हा.) शेवटी कर्विनने आपली दोरी आखडून बांधून घेतली, तेव्हा कुठे पट्टी कापली गेली. पंख तरीही अर्धवटच. मग दोघांनी बांधलेल्या दोराखाली घुसून, उभं राहून ताण दिला आणि पंख सुटला. स्टेशन वाचलं. पुढे तिथे तीन चमू राहिले, अनुक्रमे २८, ५९ आणि ८४ दिवस.

इकडे मी माझ्या मॉडेलचा एक पंख डिलीट केला, ऑर्बिटरमध्ये लोड केलं... आणि पंख चुकीच्या बाजूला! कारण ऑर्बिटरचे अक्ष डाव्या हाताच्या नियमाने चालतात, माझ्या सॉफ्टवेअरचे उजव्या हाताच्या. म्हणजे पहिल्या दिवसापासून माझं सगळं स्टेशन आरशातलं होतं. दोन पंख असताना ते कळलंच नाही, कारण सममितीने बग झाकून ठेवला होता.

हसू नका, कारण नासाचंही साधारण असंच झालं होतं. ब्रूस लुंडिन यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी मंडळाने १९७३च्याच जुलैत अहवाल दिला. सगळ्यांनी धरून चाललं होतं की कवच टाकीला घट्ट चिकटलेलं आहे, म्हणजे ते टाकीचाच भाग. मग त्याच्यावर वाऱ्याचा वेगळा विचार कशाला? सहा वर्षं रिव्ह्यू झाले, सह्या झाल्या, पण या गृहीतकाला कुणी हात लावला नाही. त्यात कवचावरून जाणाऱ्या एका बोगद्याचं मागचं टोक बंद आहे असं हवेच्या दाबाचं गणित करणाऱ्यांनी धरलं होतं. प्रत्यक्षात तिथे फटी होत्या. गणितवाले, डिझाइनवाले आणि बनवणारे यांच्यात निरोपच नीट पोचला नव्हता. आत हवा शिरली, दाब वाढला, कवच उचललं गेलं.

आपल्या ऑफिसात हे रोज घडतं, नाही का? 'तो मॉड्यूल बघायची गरज नाही, तो प्लॅटफॉर्मचाच भाग आहे.' मीही असं म्हणून सह्या केल्यात. फरक एवढाच की आपल्याकडे सर्व्हर पडतो आणि रात्री दोनला फोन येतो.

शेवट तर सर्वांना माहीत आहे. फेब्रुवारी १९७४मध्ये शेवटचा चमू परतला. स्टेशन आणखी काही वर्षं टिकेल आणि स्पेस शटल जाऊन त्याला वर ढकलेल असा हिशोब होता. पण सूर्य अपेक्षेपेक्षा जास्त तापट निघाला. त्याने वरचं वातावरण फुगलं, स्टेशनला घर्षण वाढलं. शटल मात्र उडालं एप्रिल १९८१मध्ये. ११ जुलै १९७९ला स्कायलॅब कोसळली आणि तिचे तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात एस्परन्सच्या आसपास पडले. तिथल्या नगरपालिकेने नासाला कचरा केल्याबद्दल ४०० डॉलरचा दंडही ठोकला, गमतीने!

आपल्याकडची भीती मात्र अगदीच वेडी नव्हती. स्टेशनची कक्षा विषुववृत्ताशी ५० अंशांनी कललेली, म्हणजे दोन्ही गोलार्धांत ५० अंशांपर्यंतचा प्रत्येक प्रदेश तिच्या वाटेवर. मुंबई-पुणेसुद्धा. आईला मी उगीच वीस वेळा हसलो.

दोन पंखांचं मॉडेल दिसायला जास्त छान होतं हे खरं. पण ते कधी उडालंच नाही. म्हणून मी एकाच पंखाचं ठेवलंय, वर छत्रीसकट. काल आईला स्क्रीनवर दाखवलं. तिने चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाली, "हीच होय रे ती? मोडकीच दिसतेय की."

"हो गं आई, मोडकीच होती," म्हटलं. "तरी तिघंतिघं जाऊन राहिले तिच्यात."