दोर धरणारा

बर दुबईच्या खाडीतून मोत्यांच्या मोसमात होड्या सुटत, तेव्हा प्रत्येक पाणबुड्यामागे एक जादा माणूस बरोबर घेतला जाई. पाणबुड्याला म्हणत घैस, आणि या दुसऱ्याला सैब. घैस नाकाला चिमटा लावी, दगडाच्या वजनाने तळाशी जाई, दम टिकेल तेवढा वेळ शिंपले गोळा करी. सैब होडीच्या काठाशी दोर धरून उभा. खालून दोराला हिसका बसला की सगळी ताकद लावून वर ओढायचं, एवढंच त्याचं काम. मोसमाच्या शेवटी हिशेब झाला की त्याचा वाटा घैसापेक्षा कमी असे. पण हा सैब नको, त्याच्या जागी आणखी एक घैस पाण्यात उतरवू म्हणजे मोती दुप्पट मिळतील, असा हिशेब मात्र कोणत्याही नाखव्याने केला नाही.

आगीत अडकलेल्या अग्निशामकाला बाहेर कसं काढायचं, ही विद्या आज बरीच पुढे गेली आहे. तिच्यासाठी खास पट्टे आहेत, पिशव्या आहेत, किंचाळणारी यंत्रं आहेत. पण तिची कुळकथा काढायला बसलं की हा सैब सारखा आडवा येतो. अवजारं शोधायला फार काळ लागला नाही. आग भडकलेली असताना एका धडधाकट माणसाला रिकाम्या हाताने बाहेर उभं ठेवायचं, हे पटायला मात्र दीडशे वर्षांहून जास्त काळ गेला.

आग आणि पाणी या दोन धंद्यांची गाठ एकदा खरोखरच पडली होती. १८२३ साली लंडनमध्ये चार्ल्स डीन याने धुरात शिरण्यासाठी तांब्याच्या शिरस्त्राणाचं पेटंट घेतलं. मागून चामड्याची नळी, बाहेर भाता, आणि भाता हाणायला एक माणूस. आगवाल्यांनी त्याला फारसं विचारलं नाही. मग चार्ल्स आणि त्याचा भाऊ जॉन यांनी तेच शिरस्त्राण घालून समुद्रात उड्या घेतल्या. ऑगस्टस सीबे या कारागिराने त्यावर पुढे काम केलं आणि त्यातून पाणबुड्यांचा जगप्रसिद्ध पोशाख तयार झाला. धुरासाठी जन्मलेली वस्तू पाण्यात नाव काढून बसली. नळी होती तोवर माणूस बाहेरच्याशी बांधलेला होता. नळी धरून त्याच्यापर्यंत पोचता येई, निदान तो कुठे आहे हे कळे.

पुढे हवा पाठीवर आली. आपले जवान ज्याला 'बीए सेट' म्हणतात तो, म्हणजे नळकांडं, मुखवटा आणि दाबाचा काटा. नळी सुटली, माणूस मोकळा झाला आणि हरवायला लागला. ही अडचण त्या वेळी कोणाच्या फारशी ध्यानात आली नसावी.

ती ध्यानात आली २३ जानेवारी १९५८ रोजी, लंडनच्या स्मिथफील्ड बाजारात. मांसाच्या या बाजाराखाली शीतगृहाची तळघरं होती, नुसता भुलभुलैया. धुरात शिरलेले जॅक फोर्ट-वेल्स आणि रिचर्ड स्टॉकिंग परत आले नाहीत. आत कोण गेलं, किती वाजता गेलं, त्याच्या नळकांड्यात किती हवा होती, याचा पक्का हिशेब दारावर कोणाकडेच नव्हता. या आगीनंतर ब्रिटनमध्ये टॅलीची शिस्त खऱ्या अर्थाने रुजली. प्रत्येक सेटला एक पट्टी अडकवलेली असते. आत जाताना जवान ती काढून दारावरच्या माणसाच्या हाती देतो. त्या पट्टीवर नाव, नळकांड्याचा दाब आणि आत शिरल्याची वेळ. दारावरचा माणूस ती फळ्यावर खोचतो आणि बाहेर यायची वेळ काढून लिहून ठेवतो. ठरलेल्या वेळेला पट्टी फळ्यावरच असली की आरडाओरडा त्याने करायचा. हवा संपत आली की वाजणारी शिट्टीही याच सुमारास सेटवर आली. हा फळेवाला आगीवर थेंबभर पाणी टाकत नाही. सैबच तो, हातात दोराऐवजी पेन्सिल.

मुंबईला या विषयाची ओळख फार महागात झाली आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या बोटीवर स्फोट झाले, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यामुळे. पण बर दुबईशी जास्त जवळचं नातं दुसऱ्या आगीचं आहे. आखाती मोती विकायला येत ते मुंबईत, झवेरी बाजाराच्या आसपास. त्याच दाटीवाटीत, काळबादेवीच्या गोकुळ निवासला ९ मे २०१५ रोजी आग लागली. वर्दी मिळाली, बंब आले, रहिवासी सुखरूप बाहेर निघाले, आणि मग जळणारी इमारत कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे दोघे अधिकारी जागीच गेले. उपप्रमुख अधिकारी सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर गंभीर भाजले आणि त्याच महिन्यात रुग्णालयात वारले. एका आगीत दलाचा प्रमुखच जातो, यावरून अधिकारी किती पुढे उभे होते ते कळतं. आपल्याकडे या पुढे उभं राहण्याचं कौतुक होतं, आणि ते व्हावंही. पण मागे कोण उभं होतं, हा प्रश्न आपल्या वर्तमानपत्रांत कधी मथळा होत नाही.

अमेरिकेने हा प्रश्न उशिरा विचारला, पण मग मागे लागून विचारला. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे 'पास' नावाच्या यंत्राचं मानक ठरलं. छातीवर किंवा सेटच्या पट्ट्यावर अडकवायची लहानशी डबी. अंगावरचा माणूस तीस सेकंद हलला नाही की ती कर्कश ओरडू लागते. धुरात दिसत काही नाही, तर निदान कानाने शोधता यावं. कल्पना उत्तम, पण तिच्यात एक गंमत आहे. या डबीच्या लेखी स्थिर उभा माणूस आणि पडलेला माणूस सारखाच. त्यामुळे सेट चालू ठेवून आपल्या पाळीची वाट पाहणाऱ्या जवानाची डबीही कुरकुरायला लागते. मग गडी कंबर हलवतो, ती गप्प बसते, थोड्या वेळाने पुन्हा हलवतो. आणि रोज ऐकू येणाऱ्या आवाजाकडे कोण धावतं? फार तापल्यावर आवाज क्षीण होतो, ही तिची दुसरी खोड तपासण्यांत पुढे उघडकीला आली. तेव्हा २००७च्या मानकात उष्णतेच्या आणि पाण्याच्या चाचण्या कडक केल्या.

आवाज ऐकून माणूस सापडला तरी तो बाहेर येतोच असं नाही, हे डेन्वरने शिकवलं. २८ सप्टेंबर १९९२. मार्क लँगवार्ट हा जवान एका छापखान्याच्या इमारतीत वरच्या मजल्यावर अडकला. खिडकीच्या आतच होता. बाहेरच्यांना सापडला, हातही पोचले. पण तो पडला होता त्या बोळकांडीची रुंदी जेमतेम ७१ सेंटिमीटर, खिडकी ५१ सेंटिमीटर रुंद, आणि तिची कड जमिनीपासून १०७ सेंटिमीटरवर. दोन माणसं शेजारी उभी राहू शकत नाहीत, वाकून उचलायला जागा नाही. पूर्ण पोशाखातला बेशुद्ध गडी, पाठीवर नळकांडं. एकामागून एक जवान आत उतरले आणि जवळजवळ तासभर झटले. तो जिवंत बाहेर आला नाही.

नंतर डेन्वरच्या दलाने त्याच मापाची लाकडी बोळकांडी उभी केली आणि उत्तर सापडेपर्यंत तिच्यात सराव केला. उत्तर अवजाराचं नव्हतं, बैठकीचं होतं. एकाने पडलेल्याच्या पलीकडे जाऊन खिडकीखाली भिंतीला पाठ टेकून बसायचं, गुडघे वर घ्यायचे. दुसऱ्याने पायाकडून ढकलायचं. पडलेल्याची पाठ बसलेल्याच्या मांड्यांवरून सरकत वर येते, तिथून खांदे कडेपर्यंत, आणि बाहेर शिडीवरचे हात त्याला खेचून घेतात. उचलायचं नाहीच, चढवायचं. हा डाव आज जगभर 'डेन्वर ड्रिल' म्हणून शिकवतात. असाच एक 'नान्स ड्रिल' आहे, १९८७मध्ये ओहायोतल्या कोलंबस शहरात जमीन खचून तळघरात पडलेल्या जॉन नान्सच्या नावाचा. भोकातून खाली दोर सोडून, मनगटांना फास घालून वर काढायची रीत त्यात शिकवतात.

सेटचा कमरपट्टाही असाच कामाला लावतात. तो सैल करून सोडवायचा, पडलेल्याच्या दोन पायांमधून घेऊन पुन्हा अडकवायचा आणि आवळायचा. नाहीतर खांद्याच्या पट्ट्यांना धरून ओढलं की सेट डोक्यावरून निसटतो आणि मुखवटाही घेऊन जातो. हातमोजे घालून, काळोखात, आंधळ्यासारखं चाचपत हे करायचं असतं. घरी बॅगेच्या पट्ट्यावर डोळे मिटून करून पाहावं, म्हणजे अंदाज येईल.

बाहेर माणसं राखून ठेवण्याचा कायदा अमेरिकेत १९९८ साली झाला. घातक धुरात दोघं शिरले तर दोघं तयारीनिशी बाहेर हवेतच. मोठ्या आगीला त्यांची पूर्ण तुकडी झाली, तिला आरआयटी म्हणतात. दुसऱ्याच वर्षी, ३ डिसेंबर १९९९ रोजी वूस्टर इथल्या रिकाम्या शीतगृहात दोन जवान हरवले. त्यांना शोधायला गेलेल्यांपैकी चौघे परतले नाहीत. स्मिथफील्डचं शीतगृह, वूस्टरचं शीतगृह. थंडी आत राहावी म्हणून बिनखिडक्यांच्या जाड भिंती बांधतात, मग आग लागल्यावर धूरही आतच राहतो.

खरा हादरा दिला तो फीनिक्सने. १४ मार्च २००१ रोजी तिथल्या एका सुपरमार्केटच्या आगीत ब्रेट टार्व्हर हा जवान हवा संपून गेला. दलाने नुसता शोक केला नाही. रिकाम्या इमारतींत पडलेला जवान बाहेर काढण्याचा सराव शेकडो जवानांकडून पुन्हा पुन्हा करून घेतला, घड्याळ लावून. निकाल असा: एका माणसाला बाहेर काढायला सरासरी १२ माणसं आणि सुमारे २१ मिनिटं लागली. सोडवायला गेलेल्या दर पाचांपैकी एक जण स्वतःच अडचणीत सापडला. आणि ज्या नळकांड्यावर ही सगळी मदार, त्यातली हवा सरासरी १९ मिनिटांच्या आतच संपली. झटपट मदतीसाठी म्हणून जी तुकडी दारात उभी करायची ती चौघांची, आणि लागतात बारा! हे आकडे प्रसिद्ध करायला धैर्य लागलं असणार. आपल्याच शास्त्राचं पितळ आपणच उघडं पाडायचं म्हणजे सोपं नाही.

या आकड्यांपुढे एक गोष्ट लख्ख झाली: आधी ओढू नका, आधी हवा द्या. म्हणून आरआयटीच्या पिशवीत भरलेलं नळकांडं, मुखवटा आणि लांब नळी असते. पण एका कंपनीची नळी दुसऱ्या कंपनीच्या सेटला बसेना. २००२च्या मानकाने प्रत्येक सेटवर एकसारखा जोड सक्तीचा केला, तेव्हा कुठे कोणाचीही हवा कोणालाही देता यायला लागली. तेवढ्यात आणखी एक २३ जानेवारी उगवली, २००५ची. न्यू यॉर्कच्या ब्राँक्समध्ये सहा जवानांना चौथ्या मजल्यावरून उड्या माराव्या लागल्या, दोघे गेले. स्वतःला सोडवण्याचे दोर काही वर्षांपूर्वी त्यांच्याकडून काढून घेतलेले होते. त्याच वर्षी ते परत आले, आकडा आणि उतरण्याच्या खटक्यासकट.

आता इकडे. बर दुबई ही काचेच्या मनोऱ्यांची दुबई नव्हे. मीना बाजार, मानखूल, करामा इथे जुन्या, मध्यम उंचीच्या इमारती, खाली दुकानं, वर एकेका घरात बरीच माणसं. वर्दी ९९७ वर जाते. इथली अग्निसुरक्षा संहिता बरीचशी अमेरिकी मानकांच्या आधाराने लिहिलेली आहे, तेव्हा वर सांगितलेली कुळकथा परक्यांची म्हणून सोडून देता येत नाही. दुबईच्या नागरी संरक्षण दलाने २०१७मध्ये 'डॉल्फिन' दाखवलं होतं: जवान पाण्याच्या फवाऱ्यावर हवेत उठतो आणि खाडीकाठची आग विझवतो. फोटो जगभर गेले. बाहेर पिशवी घेऊन उभ्या असलेल्या चौघांचे फोटो कोण काढणार?

अर्थात या विद्येलाही मर्यादा आहे. ३ ऑगस्ट २०१६ रोजी तिरुवनंतपुरमहून आलेलं एमिरेट्सचं विमान खाडीपलीकडच्या विमानतळावर धावपट्टीवर घसरत गेलं आणि पेटलं. आतले ३०० जण वाचले. विमान थांबल्यावर नऊएक मिनिटांनी मधल्या टाकीचा स्फोट झाला आणि विमानतळाच्या अग्निशमन दलाचा जवान जासिम इसा अल बलूशी गेला. तो हरवला नव्हता, अडकला नव्हता. तिथे डबी, पट्टा, पिशवी यांतलं काहीच उपयोगाचं नव्हतं. काळबादेवीतही इमारतच अंगावर आली. अशा वेळी कामाला येतो तो आधीचा निर्णय, किती जणांना किती जवळ जाऊ द्यायचं याचा. ऑगस्टच्या ४५ अंशांत तर तो आणखीच अवघड, कारण बाहेर पोशाख चढवून राखून ठेवलेला माणूसही उन्हाने खचत असतो. त्याला सावली, पाणी आणि बदली द्यावी लागते. काही न करणाऱ्यासाठी एवढी उठाठेव करायची म्हटलं की आजही कुठल्याही दलात कपाळाला आठ्या पडतात.

कुळातलं एक धाकटं अपत्य राहिलं, कोटातला ओढपट्टा. २००७च्या अमेरिकी मानकाने तो प्रत्येक कोटात सक्तीचा केला. कोटाच्या अस्तरामागून दोन्ही खांद्यांभोवती फिरलेला असतो, मानेमागे कॉलरखाली फक्त त्याची मूठ दिसते. पडलेल्याची मूठ धरून ओढलं की काखेत पट्टा आवळतो आणि गडी पाठीवर सरळ सरकतो. कोट धुताना हा पट्टा काढावा लागतो आणि वाळल्यावर पुन्हा ओवावा लागतो. ओवायचा राहिला तर कोट बाहेरून तसाच दिसतो, म्हणून पाळी सुरू होताना ती मूठ जोडीदाराने एकदा खेचून पाहायची असते.