मुक्या जिवांची नसबंदी आणि धर्मविचार : नव्या अभ्यासकांसाठी प्रस्तावना

भादवा सरला की दोनेक महिन्यांनी बोईसरच्या गल्ल्यांत कुत्र्यांची पिल्लं दिसू लागतात. उभ्या रिक्षाखाली, गटाराच्या कडेला, बंद दुकानाच्या पायरीशी. त्यांना दूध-बिस्किटं घालणारी आणि त्यांच्या आईची नसबंदी व्हायला हवी म्हणणारी माणसं पुष्कळदा एकच असतात. तरीही कुत्री न्यायला गाडी आली की ओट्यावरून कुणीतरी विचारतंच, "मुक्या जिवाची कूस उजाड करायची, पाप नाही का लागणार?" हा प्रश्न अडाणीपणाचा समजून बाजूला सारू नका. आपला अभ्यास त्याच प्रश्नापासून सुरू होतो, आणि त्यासाठी पालघर जिल्ह्याइतकी सोयीची जागा क्वचितच मिळेल.

याच जिल्ह्यातल्या नालासोपाऱ्यात 1882 साली पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. शिकारीच्या सहली सोडून राजाने धर्मयात्रा धरल्याचं सांगणारा हा लेख. याच राजाच्या पाचव्या स्तंभलेखात, जो उत्तरेकडच्या खांबांवर आहे, खच्चीकरणाचं नाव घेऊन हुकूम आहे. अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा-अमावास्या, पुनर्वसू नक्षत्र आणि सणवार या दिवशी बैल, बोकड, मेंढे, डुकरं खच्ची करू नयेत. बाकीच्या दिवशी मनाई नाही. नांगर बैलावर चालतो, हे राजाला ठाऊक होतं. गरज मान्य करून तिला वेसण घालण्याची ही रीत मला फार प्रामाणिक वाटते.

जैन परंपरा याहून कडक आहे. श्रावकाने टाळायच्या पंधरा धंद्यांना कर्मादान म्हणतात. निर्लांछन कर्म हा त्यांतला एक. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात 'योगशास्त्रा'त त्याची फोड केली आहे: नाक टोचणं, डाग देणं, अंड काढणं, कान कापणं. आता आजच्या शस्त्रक्रियेचं टेबल जवळून पाहा. भूल दिलेली कुत्री, केस भादरलेला पोटाचा भाग, टाके. आणि ती शुद्धीवर येण्याआधी कानाच्या टोकाला पाडलेली खाच, म्हणजे तिला पुन्हा कुणी धरून आणू नये. खच्चीकरण आणि कान कापणं, यादीतल्या दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर येतात. एखादा जैन व्यापारी अशा शिबिराला पैसे देताना अडखळला, तर त्यामागे कित्येक शतकांची शिस्त असू शकते. त्याचं ऐकून घ्या.

इस्लाममध्ये एकच उत्तर शोधू नका. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई आहेत. त्या पंथाचे थोर आचार्य इमाम नववी यांच्या मते खाण्याच्या जनावराचं, तेही कोवळ्या वयात, खच्चीकरण चालतं. न खाल्ल्या जाणाऱ्या जनावराचं निषिद्ध. हनफी पंथ मात्र त्यात फायदा असेल तर हरकत घेत नाही. खस्सी बकरा कुर्बानीला चालतो, याबद्दल दोघांत वाद नाही. यहुदी धर्मशास्त्रात खच्ची जनावर वेदीवर चालत नाही आणि खच्ची करण्यालाही मनाई आहे. कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या बेने इस्राएलांचा अभ्यास या अंगाने व्हायला हवा.

मला सगळ्यांत जास्त रेंगाळावंसं वाटतं ते 'वेंदिदाद' या पारशी धर्मग्रंथापाशी. तारापोर, तारापोरवाला ही आडनावं आपल्या तारापूरचीच. 'वेंदिदाद'च्या तेराव्या प्रकरणात कुत्र्याला इजा करणाऱ्यासाठी शिक्षा सांगितल्या आहेत. पंधराव्यात विषय आहे गाभण कुत्रीचा: ती ज्याच्या जागेत व्यायला येईल त्याने पिल्लं आपल्या पायावर उभी राहीपर्यंत तिला सांभाळावं. 1832 साली मुंबईत मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी रस्त्यावर उतरले, दंगल झाली, त्यामागे ही श्रद्धा होती. दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभॉय आणि जैन शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ उभी राहिली.

आता हे सगळे ग्रंथ शेजारी ठेवा. अशोक, हेमचंद्र, नववी हे मुख्यतः नराबद्दल बोलतात, आणि तोही नांगराला, गाडीला किंवा ताटाला उपयोगी पडणारा नर. आज टेबलावर आहे ती मादी, बहुधा कुणाच्याच मालकीची नसलेली, आणि शस्त्रक्रिया तिच्याकडून काम काढून घेण्यासाठी होत नाही. म्हणून जुना निषेध जसाच्या तसा तिला लावणं चूक, आणि जुनी मुभा लावणंही तितकंच चूक. मादीचा स्वतंत्र विचार करणारा 'वेंदिदाद' पिल्लं सांभाळायला सांगतो. पण गल्लीत दर वर्षी पिल्लं गाडीखाली जात असतील, तर सांभाळणं कशाला म्हणायचं, हे त्याच ग्रंथाच्या वाचकाने ठरवायचं आहे. माझा कौल शस्त्रक्रियेच्या बाजूने आहे. जिथे मारणं हाच दुसरा पर्याय होता, तिथे ही वाट अहिंसेच्या जवळची आहे. मद्रासच्या ब्लू क्रॉस या प्राणिमित्र संस्थेने 1964 मध्ये हाच विचार पुढे नेला. 2001 आणि 2023 च्या केंद्रीय नियमांत नसबंदी, रेबीजची लस आणि कुत्रं पुन्हा त्याच जागी सोडणं, ही साखळी आहे. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयात वाद पेटला तो तिच्या शेवटच्या कडीवरून.

घरातल्या पाळीव जनावराचा प्रश्न वेगळा, आणि नैतिकदृष्ट्या अधिक अवघड. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधलं मांजर सातपाटीत बोंबील सुकवायच्या वलांड्यांखाली हिंडणाऱ्या मांजरीसारखं मोकळं नसतं. त्याची शस्त्रक्रिया त्याच्या भल्यासाठी की आपल्या सोयीसाठी? नॉर्वेच्या कायद्याने हा प्रश्न मनावर घेतला आहे: तिथे सबळ कारणाशिवाय जनावरावर शस्त्रक्रिया करता येत नाही की त्याचा अवयव काढता येत नाही.

अभ्यासाला कुठून लागायचं, असं विचाराल तर आधी बैलापासून. वारली पाड्यांवरच्या म्हाताऱ्यांना खोंड दगडाने कसा बडवायचे आणि पुढे पशुवैद्याचा चिमटा कसा आला, ते विचारा. मग उपाश्रयात, मशिदीत, अग्यारीच्या दस्तुरांकडे आणि वसईच्या फादरांकडे जा. प्रत्येक ठिकाणी नियम काय, एवढंच विचारू नका; तो कोणत्या जनावरासाठी केला होता, तेही विचारा.