सामुदायिक नभोवाणी
मर्यादित परिसरातील लोकांनी स्वतःच्या गरजांसाठी, मुख्यतः स्वतःच्या बोलीत व नफ्याचा हेतू न ठेवता चालविलेले अल्पशक्ती नभोवाणी केंद्र. भारतातील धोरणानुसार अशा केंद्राची प्रभावी प्रारित शक्ती सामान्यतः १०० वॉट व आकाशकाची उंची ३० मी.पर्यंत असते, प्रक्षेपण सु. १० किमी. परिसरात ऐकू येते. यंत्रसामग्री तुलनेने अल्पखर्चिक असल्याने केंद्रस्थापनेतील मुख्य अडचण तांत्रिक नसून परवान्याची होती.

आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिला. तथापि २००२ च्या धोरणाने केवळ शैक्षणिक संस्थांनाच परवाने खुले केले. त्यानुसार चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र १ फेब्रुवारी २००४ रोजी सुरू झाले. झहीराबादजवळील माचनूर (तेलंगण) येथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी स्त्रियांनी युनेस्कोच्या साहाय्याने ध्वनिमुद्रणगृह तत्पूर्वीच उभारले होते. देशी बियाणे, पिके, आरोग्य व लोकगीते यांविषयीचे त्यांचे कार्यक्रम परवान्याअभावी कित्येक वर्षे ध्वनिफितींवरून गावोगावच्या महिला संघांतच ऐकविले जात. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना वाव मिळाल्यावर १५ ऑक्टोबर २००८ रोजी त्यांचे ‘संघम् रेडिओ’ केंद्र प्रक्षेपित होऊ लागले. म्हसवड (जि. सातारा) येथील ‘माणदेशी तरंग वाहिनी’ हे महाराष्ट्रातील असेच केंद्र होय.

निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने व्हावेत, ही २००६ च्या धोरणातील अट. मात्र स्वतंत्र वार्तापत्रास त्यात मनाई होती. त्यामुळे गावाला स्वतःचा आवाज लाभला, तरी गावची बातमी त्याच्या कक्षेबाहेरच राहिली.