बिनकामाची होडी : मुंबई बंदरातल्या यॉट क्लबाची गोष्ट

संयोजकांनी या वेळचा विषय विचारला तेव्हा आम्ही म्हटलं, 'यॉट क्लब'. ते हसले. त्यांचंही बरोबरच आहे. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला शिडाच्या होड्यांशी काय देणंघेणं? आणि खारघरच्या श्रोत्यांना तरी काय? पण आधी एक विचारतो. आपल्यापैकी जंजिरा किल्ला कोणी कोणी पाहिलाय? बघा, निम्मे हात वर आले. राजपुरीच्या धक्क्यावरून तुम्ही शिडाच्या होडीत बसलात, तांडेलाने शीड फिरवलं आणि वाऱ्यावर किल्ल्यापर्यंत गेलात. तेव्हा शिडाच्या होडीतून सहलीला जाणं आपल्याला अगदीच परकं नाही. मग 'यॉट' हा शब्द ऐकला की हे आपलं नव्हे, असं का वाटतं? या 'नव्हे'ला इतिहास आहे. आज तोच बघू.

शब्दापासून सुरुवात करू. 'यॉट' मूळचा डच शब्द. त्याचा अर्थ शिकार, पाठलाग. डचांच्या वेगवान होड्यांना हे नाव पडलं. १६६० साली दुसरा चार्ल्स इंग्लंडच्या गादीवर परतला, तेव्हा डचांनी त्याला अशी एक होडी भेट दिली. तिचं नाव 'मेरी'. राजाला नादच लागला. पुढच्याच वर्षी, १६६१ च्या ऑक्टोबरात, थेम्स नदीवर राजाची आणि त्याच्या भावाची होड्यांची शर्यत झाली. पैज शंभर पौंडांची! इंग्लंडातल्या हौशी नौकानयनाची सुरुवात साधारण इथून धरतात.

आता गंमत बघा. त्याच १६६१ साली या चार्ल्सचा पोर्तुगालच्या राजकन्येशी विवाहाचा करार झाला आणि आंदणात त्याला मुंबई मिळाली. १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. म्हणजे मौजेची होडी आणि मुंबई बेट या दोन्ही गोष्टी एकाच राजाच्या हातात जवळजवळ एकदमच आल्या. दोहोंची गाठ पडायला मात्र पावणेदोनशे वर्षं जावी लागली.

तोवर या बंदरात होड्या नव्हत्या असं थोडंच आहे? १६७९ साली मांडव्याच्या दक्षिणेला, खांदेरी बेटावर, शिवाजी महाराजांनी किल्ला बांधायला घेतला. मायनाक भंडारी बेटावर होते. इंग्रजांनी जहाजं आणून बेटाला वेढा घातला. वारा पडला की त्यांची मोठी जहाजं जागच्या जागी अडकत. मराठ्यांच्या लहान, उथळ तळाच्या होड्या मात्र रात्री वल्ही मारत किनाऱ्याकडून रसद पोचवत. इंग्रजांना ते बेट काही घेता आलं नाही. हाच खांदेरी २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या जागतिक वारशात आला. पुढे अठराव्या शतकात सुरतेहून आलेल्या लवजी वाडियांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजं बांधली. त्यांतलं १८१७ चं 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय.

आणि आपलं पनवेल? बोरघाटातून रेल्वे १८६३ साली सुरू झाली. त्याआधी मुंबईचा माणूस पुण्याला कसा जायचा? होडीत बसून पनवेल बंदरापर्यंत, आणि तिथून गाडीरस्त्याने घाट चढून. भात, मीठ, माणसं, सगळं या खाडीतून जायचं. ज्या खाडीवरच्या पुलावरून आपण रोज गाडीने जातो, तोच त्या काळचा पुण्याचा हमरस्ता होता.

थोडक्यात, इथली होडी कामाची होती. मासळीची, मालाची, लढाईची. होडीने जायचं, पण कामाला म्हणून जायचं नाही, नुसतं फिरून यायचं, ही कल्पना संस्था म्हणून इथे आली १८४६ साली. त्या वर्षी बॉम्बे यॉट क्लब स्थापन झाला. १८७६ मध्ये व्हिक्टोरिया राणीने त्याला 'रॉयल' हे बिरुद दिलं. १८८१ मध्ये अपोलो बंदरावर, समुद्राकडे तोंड करून, क्लबाची देखणी इमारत उभी राहिली. तेव्हा गेटवे ऑफ इंडिया नव्हतं, ते १९२४ चं. १८९६ मध्ये शेजारी सभासदांच्या निवासाची इमारत झाली. आजचा क्लब तिच्यात आहे.

हे लोक करत काय? पावसाळ्यात होड्या ओढून किनाऱ्यावर. पाऊस सरला की हंगाम सुरू. शर्यती होत्याच, पण बरोबरीने सहलीही असायच्या. मांडव्याची सहलच घ्या. हिवाळ्यात रात्रीपासून सकाळपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे. दुपारी फिरतात आणि समुद्राकडून येतात ते खारे वारे. शाळेच्या भूगोलात दोन मार्कांसाठी पाठ केलं होतं ना? तेच. सकाळी ओहोटीबरोबर, मतलई वारा बाजूने घेत मांडव्याला उतरायचं. तिथे खाणंपिणं, गप्पा. दुपारी भरती लागली की परत. पण परततानाचा वारा वायव्येचा, म्हणजे जवळजवळ तोंडावर. शिडाची होडी वाऱ्याच्या थेट विरुद्ध जाऊच शकत नाही. ती नागमोडी जाते. थोडी डावीकडे, मग शीड फिरवून थोडी उजवीकडे. असं करत करत घर गाठायचं.

अशा सहलीला आता 'रॅली' म्हणतात. शर्यतीत आणि रॅलीत फरक आहे. शर्यतीत कोणीतरी जिंकतो. रॅलीत सगळ्यांनी एकत्र निघायचं, एकमेकांवर नजर ठेवायची आणि एकत्र परतायचं. सर्वांत मागच्या होडीकडे बघून पुढच्यांनी चाल ठरवायची. आम्हाला यात वारीची शिस्त दिसते.

पण मंडळी, ज्या क्लबाने ही सुंदर रीत इथे रुजवली, त्याचं दार भारतीयांना बंद होतं. होड्या घासायला, शिडं शिवायला, नांगर ओढायला हात इथलेच. या बंदरातला कुठला खडक कोणत्या ओहोटीला उघडा पडतो, हे सांगणारी जीभ इथली. पण इमारतीच्या व्हरांड्यात सभासद म्हणून बसायचं नाही. साधा खलाशी सोडाच, राजेमहाराजांनाही नाही. लॉर्ड विलिंग्डन १९१३ ते १९१८ मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या भारतीय पाहुण्यांना यॉट क्लबाने आत घेतलं नाही, म्हणून त्यांनी दोघांनाही खुला असा विलिंग्डन क्लब काढला, अशी गोष्ट मुंबईत सांगतात. गोष्टीचे तपशील दर सांगणाऱ्यागणिक बदलतात. पण तो क्लब त्यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस निघाला आणि त्यात भारतीयांना प्रवेश होता, एवढं पक्कं.

इथे आमच्यातला मास्तर जागा होतो. ॲरिस्टॉटलने म्हटलंय की आपण काम करतो ते मोकळा वेळ मिळावा म्हणून. त्याचा ग्रीक शब्द 'स्खोले'. त्यावरूनच 'स्कूल' आलं. मोकळा वेळ म्हणजे आळस नव्हे. माणूस पोटाच्या गरजेबाहेर येऊन जे करतो, ते. थोर विचार आहे, शंकाच नाही. पण त्या ग्रीक नगरातल्या काही जणांचा मोकळा वेळ गुलामांच्या कामावर उभा होता. अपोलो बंदरावर वेगळं काय होतं? एकाची सहल, दुसऱ्याची मजुरी. होडी एकच.

याच होडीत दुसरीही एक गोष्ट होती, आणि आम्हाला ती जास्त महत्त्वाची वाटते. समुद्रावर वाट कोणी कोणाला द्यायची, याचा नियम असतो. शिडाच्या दोन होड्या समोरासमोर आल्या आणि वारा त्यांच्या वेगवेगळ्या बाजूंनी येत असला, तर डाव्या बाजूने वारा घेणाऱ्या होडीने उजव्या बाजूने वारा घेणाऱ्या होडीला वाट द्यायची. नियम विचारतो, वारा कुठून? तो विचारत नाही की मालक कोण, रंग कोणता, गाव कोणतं. म्हणजे क्लबाची माणसं पाण्यावर रोज समतेचा नियम पाळत आणि धक्क्यावर पाय ठेवला की विसरत. दोष होडीचा नव्हता, दाराचा होता.

स्वातंत्र्यानंतर ते दार उघडलं. १८८१ च्या इमारतीचं काय झालं, ऐका. १९४९ मध्ये तिथे होमी भाभांची टाटा मूलभूत संशोधन संस्था आली. १९६२ मध्ये कुलाब्याला स्वतःच्या वास्तूत जाईपर्यंत देशातलं उत्तमोत्तम गणित आणि भौतिकी तिथे चाललं. पुढे ती जागा अणुऊर्जा खात्याकडे राहिली. ज्या व्हरांड्यात भारतीयाला बसता येत नव्हतं, तिथे भारतीय शास्त्रज्ञ अणूचा विचार करत बसले!

पाण्यावरही बदल झाला. १९८२ च्या एशियाडमधलं नौकानयन मुंबईत झालं आणि फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल प्रकारात सुवर्णपदक जिंकलं. मग निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी ध्यास घेतला की भारतीयाने शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी 'म्हादेई' बांधली. दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये परतले. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी कुठेही न थांबता जाऊन आले. २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी 'तारिणी'तून प्रदक्षिणा केली.

हे पराक्रमच आहेत. पण पराक्रम मोजक्यांचे असतात. आमचा प्रश्न बाकीच्यांचा आहे. तरुणपणी आम्ही अपोलो बंदराच्या कठड्यावर शेंगदाणे खात रविवारची पांढरी शिडं बघायचो. हे आपल्यासाठी नाही, असं कोणी सांगितलं नव्हतं. तरी आम्हाला ते ठाऊक होतं! दार उघडून वीसेक वर्षं झाली होती, पण आमच्या मनातलं काही उघडलं नव्हतं.

काही वर्षांपूर्वी आम्ही ज्येष्ठ मंडळी लाँचने मांडव्याला गेलो. वाटेत एक चिमुकली डिंगी आडवी आली. आत दहा-बारा वर्षांची एक मुलगी, एकटी, सुकाणू धरून. आमच्या लाँचच्या सारंगाने वेग कमी केला आणि वळसा घेतला. कोणीतरी म्हणालं, "एवढीशी होडी, तीच का नाही थांबली?" सारंग म्हणाला, "काका, तिच्याकडे शीड आहे, माझ्याकडे इंजिन. वाट मीच द्यायची." पुस्तकातला नियम आम्ही पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला. शंभर प्रवाशांची लाँच एका पोरीसाठी वळली.

आता खारघरकडे या. आपल्या दक्षिणेला पनवेलची खाडी आहे. पलीकडे बेलापूरला दिवाळ्याचा कोळीवाडा आहे. १९७० मध्ये सिडको आली, शहर वसलं, पूल झाले, आणि आपण पाण्याकडे पाठ करून बसलो. खाडी गाळाने भरत चालली, पण कुणाला कळणार? त्या पाण्यावर आपलं कोणी जातच नाही. ज्या पाण्यावर माणूस कधी हौसेने गेला नाही, त्याच्यासाठी तो भांडतही नाही. बिनकामाच्या होडीचं काम असेल तर हेच.

कोणी म्हणेल, हा श्रीमंतांचा खेळ आहे. इमारत, बार, सभासदत्वाची फी धरली तर आहेच. पण क्लब म्हणजे इमारत नव्हे. भरती-ओहोटीचं कोष्टक, चार होड्या, जीवरक्षक जाकिटं आणि एकमेकांवर नजर ठेवणारी माणसं, एवढ्यावर रॅली निघते. शिकवायला माणूस शोधायचा तर दिवाळ्यात आहे. फक्त या वेळी त्याला मजूर म्हणून नाही, गुरू म्हणून बोलवायचं. कोळी बांधव नारळी पौर्णिमेला आधी सागराला नारळ देतात आणि मग होडी लोटतात. आपल्या क्लबाचा पहिला नियम तिथूनच घेता येईल.

आम्ही सत्तरी ओलांडली. सुकाणू धरायचं आमचं वय गेलं. मागच्या होडीत बसून येऊ. रॅली आहे, मागच्याला सोडून जात नाहीत. काही प्रश्न असतील तर विचारा.