विजयालक्ष्मीचा खटला

गर्भपात आणि फाशी, दोन्ही विषयांवरच्या वादात ‘जीव पवित्र आहे’ हे वाक्य हमखास येतं. एक जण ते पोटातल्या जिवासाठी म्हणतो, दुसरा फासाखालच्या. मला अशा वेळी हटकून सुरतची विजयालक्ष्मी आठवते. तिच्या एकटीच्या खटल्यात हे दोन्ही जीव होते.

साल १८८१. तरुण ब्राह्मण विधवा. दिवस गेले, लोकलाजेपायी लपवले आणि जन्मलेलं बाळ तिने मारलं. सुरतच्या कोर्टाने फाशी सुनावली. अपिलात ती काळ्या पाण्याची जन्मठेप झाली आणि शेवटी पाच वर्षांवर आली.

आता तेव्हाचा कायदा बघा. १८६० च्या भारतीय दंड संहितेत, कलम ३१२ प्रमाणे, गर्भपाताला तीन वर्षं, गर्भ हालचाल करू लागला असेल तर सात. स्वतः बाईसुद्धा गुन्हेगार. पोटातला मृत्यू मनुष्यवध नव्हे, असं कलम २९९ चं स्पष्टीकरण सांगतं. पण मुलाचा एखादा अवयव जरी बाहेर आला, तरी वध ठरू शकतो! म्हणजे सात वर्षं आणि फास यांत अंतर एका कळेचं. आणखी एक गंमत (गंमत कसली म्हणा!). १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत गर्भार बाईची फाशी पुढे ढकलायची सोय होती. ती जन्मठेपेत बदलणं मात्र हायकोर्टाच्या मर्जीवर. आधी बाळंतपण, मग फास. ती बदललीच पाहिजे, हे ठरलं २००८ च्या दुरुस्तीने.

खटल्यानंतर वर्तमानपत्रं बायकांवर तुटून पडली. ‘पुणेवैभव’मधलं लिखाण वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे इतक्या संतापल्या की १८८२ मध्ये त्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. पुनर्विवाह बंद कोणी केला आणि बाईला फशी पाडणारा नामानिराळा कसा राहतो, हा त्यांचा रोख. (विधवाविवाहाचा कायदा १८५६ पासून होता. कागदावर.) पुढे हे पुस्तक विस्मरणात गेलं, ते स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा छापेपर्यंत.

पण माझ्या मनात रुतून बसलाय तो जोतीराव फुल्यांचा एक हिशेब. त्यांचे मित्र गोवंडे यांच्याकडे स्वयंपाक करणारी काशीबाई ही विधवा अशाच गुन्ह्यासाठी अंदमानात गेली. मग १८६३ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. गुपचूप या, बाळंत व्हा, मूल न्या नाहीतर ठेवून जा. १८८४ साली मलबारींच्या टिपणावर मत देताना जोतीरावांनी सरकारला आकडा कळवला: ३५ विधवा आल्या, त्यांची मुलं जगली ५. बाकीची ३० दगावली. आयांनी गर्भ लपवण्यासाठी घेतलेल्या विषारी औषधांनी पोटातच इजा झाल्यामुळे.

मग त्या ३१२ कलमाने जीव वाचवला तरी कोणाचा? डॉक्टरांच्या हातून रीतसर गर्भपात करून घ्यायची वाट उघडली ती १९७१ च्या कायद्याने. तीही अपवाद म्हणून. मूळ कलम आजच्या भारतीय न्याय संहितेत ८८ व्या क्रमांकावर आहेच.

असो. त्या घरात जन्मलेला एका विधवेचा मुलगा, यशवंत, फुल्यांनी दत्तक घेतला. तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रोगी न्यायच्या, ते त्याच्याच दवाखान्यात.