पोटातली चौदा इंजेक्शनं

कुत्रं चावलं की नेरे-मालडुंग्याकडची माणसं जखमेत तिखट भरायची, आणि पनवेलला दवाखान्यात आलीच तर पहिला प्रश्न विचारायची, "सिस्टर, पोटात चौदा घ्यावी लागणार का?" काहीजण तिसऱ्या-चौथ्या इंजेक्शननंतर पुन्हा दिसायची नाहीत. आमच्यातले शिकलेले लोक त्यांना अडाणी म्हणत. मला ते तेव्हाही पटत नव्हतं. त्या लसीत मेंढीचा मेंदू होता आणि त्यापायी धडधाकट माणसाचे पाय जाऊ शकत होते.

हिमाचलातल्या कसौलीत डेव्हिड सेम्पल यांनी १९११ साली रेबीजची ही लस तयार केली. विषाणू टोचलेल्या जनावराचा मेंदू घोटायचा, कार्बोलिक आम्लानं विषाणू मारायचा आणि तो द्रव रोज पोटाच्या कातडीखाली द्यायचा. पुढे मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेतही मेंढीच्या मेंदूपासूनची लस बनू लागली. रेबीज झाल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, त्यामुळे ती टोचणं बरोबरच होतं.

पण मज्जातंतूंवर मायलिन नावाचं आवरण असतं, आणि मेंढीचं मायलिन माणसाच्या मायलिनशी फार मिळतंजुळतं. लसीतल्या मायलिनविरुद्ध लढायला शिकलेलं शरीर एखाद्या वेळी स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटतं. ताप, पाठदुखी, मग लघवी अडते, पाय लुळे पडतात. पक्षाघाती रेबीजचीही सुरुवात अशीच होते, आणि खरा पेच इथेच होता. हा कुत्र्याचा विषाणू जागा झाला, की लसीनं घात केला? लस थांबवावी की चालू ठेवावी?

वीटभट्टीवरचा एक तरुण मला आठवतो. नववं इंजेक्शन झालं आणि त्याला उभं राहता येईना. डॉक्टरांनी रात्रभर विचार करून लस थांबवली आणि त्याला मुंबईला पाठवलं. तो जगला, म्हणूनच तो रेबीज नव्हता हे कळलं. पुढे तो काठी घेऊन चालायचा. आमच्या नोंदवहीत गाव, जखम, कितवं इंजेक्शन, एवढंच होतं. पायांसाठी रकाना नव्हता.

लसीतल्या विषाणूवर संशय घेणंही चूक नव्हतं. १९६० साली ब्राझीलच्या फोर्तालेझा शहरात लसीत विषाणू जिवंत राहिला आणि १८ माणसं गेली. मात्र न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत थॉमस रिव्हर्स यांनी १९३०च्या दशकातच दाखवून दिलं होतं, की माकडांना निरोगी सशाचा मेंदू वारंवार टोचला, तर विषाणू नसतानाही त्यांना पक्षाघात होतो. चिलीत १९५५ साली नवजात उंदरांच्या मेंदूपासून लस काढली, कारण त्यात मायलिन जवळपास नसतं. पेशींवर वाढवलेल्या, दंडात द्यायच्या लसी १९७०च्या दशकात आल्या. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८४ साली मेंदूची लस सोडून द्यायला सांगितलं. आपल्याकडे ती २००४च्या अखेरीस बंद झाली. मधली वीस वर्षं ज्याच्या खिशात पैसे, त्याला दंडातली लस मिळाली. वीटभट्टीवरच्या माणसाला मेंढीची. हे मला आजही सहन होत नाही.

आता सरकारी दवाखान्यात दंडात, कातडीच्या वरच्या थरात थोडीशी लस देतात, फुकट. तरी चावा लपवणारे अजून भेटतात. मी आधी त्यांना जखम साबणपाण्यानं पंधरा मिनिटं धुवायला लावते. धुणं चालू असताना मेंढीची हकीकत सांगते, त्या तरुणाचीही. तुमच्या आजीची भीती खरी होती, ती लस बंद झाली, आणि आताच्या लसीत मेंदू नाही, हेही सांगते. मग त्यांच्याबरोबर दवाखान्यात जाते.