विंचवाचा उतार

दिवाळीच्या अंकात विंचवाची कथा कशाला, असे कोणी म्हणेल. पण कोकणातल्या माणसाला या जोडीचे नवल वाटणार नाही. भात कापून झालेले असते, पेंढा रचायचा असतो, पावसात भिजलेली लाकडे हलवायची असतात. आणि नेमका त्याच वेळी भाऱ्याखालून नाहीतर जांभ्याच्या गडग्यातून तो बाहेर येतो. काळा विंचू दिसायला अक्राळविक्राळ, पण त्याचे विष बेताचे. भ्यायचे ते लहानशा तांबड्याला.

आमच्या आंजर्ल्याकडे काय किंवा आणखी कुठे काय, विंचू उतरवणारा एखादा असायचाच. कडुनिंबाची डहाळी फिरवायची, मंत्र पुटपुटायचा, की घटका-दोन घटकांत ठणका कमी. मंत्र बहुतेक वेळा लागू पडे, कारण बहुतेक दंश आपोआपच उतरणारे असतात. फसगत होई ती उरलेल्यांची. विष अंगात भिनले की कित्येकदा दंशाची वेदना फारशी राहत नाही. ओकाऱ्या होतात, पोराला दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात. घरची मंडळी म्हणत, ‘उतरला हो!’ आणि काही तासांत पोर धापा टाकू लागे, तोंडाला फेस येई.

मांत्रिकाला हसणे सोपे आहे. पण सुशिक्षित डॉक्टराच्या हाती तरी काय होते? विंचूदंशानंतर फुप्फुसात पाणी साचते, हे मुंडले यांनी 1961 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये कळवले होते. तरीही ग्लानी आणणारी औषधे, अ‍ॅट्रोपिन, स्टिरॉइड अशा उपायांवरच भिस्त राहिली. इस्पितळात आणलेल्या अत्यवस्थ रोग्यांपैकी शंभरातले तीस-चाळीस दगावत.

1976 साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हिम्मतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर रुजू झाले. जन्म 1951 चा, गाव आजच्या जालना जिल्ह्यातील देहेड, शिक्षण नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात. घरची गरिबी कशी होती, ते त्यांच्या ‘बॅरिस्टरचं कार्टं’ या आत्मचरित्रात वाचायला मिळते. बिरवाडीला ना प्रयोगशाळा, ना ग्रंथालय. जवळ होते रक्तदाब मोजायचे यंत्र, स्टेथोस्कोप आणि वही. हा गृहस्थ रोग्याच्या उशाशी बसून राही. नाडी किती, रक्तदाब किती, घाम केव्हा सुटला, ओकारी केव्हा झाली, सारे टिपून ठेवी. त्या टिपणांतून विंचूदंशाच्या धोक्याची पूर्वचिन्हे ओळखता आली, आणि 1982 साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ने ती छापली. सन 1823 पासून निघणारे ते वैद्यकाचे मातबर नियतकालिक. त्यात आमच्या कोकणातल्या आरोग्य केंद्राचे टिपण!

त्या वहीतून दिसले ते असे. विष मज्जातंतूंची टोके चेतवते आणि अ‍ॅड्रिनलीनच्या जातीच्या द्रव्यांचा शरीरात लोंढा सुटतो. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब भडकतो, हृदय त्या भाराने थकते आणि फुप्फुसात पाणी भरते. म्हणजे पोर गार पडते ते शक्ती संपल्यामुळे नव्हे, तर रक्तवाहिन्या करकचून मिटल्यामुळे. मग औषध हवे ते वाहिन्या सैल करणारे. सोडियम नायट्रोप्रुसाइड हे त्यातले एक. पण ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यायचे आणि डोळ्यांत तेल घालून बसायचे. खेड्यात हे जमायचे कसे? तेव्हा बावस्करांनी प्राझोसिनकडे मोर्चा वळवला. ही रक्तदाब उतरवणारी साधी गोळी.

इथे जरा थांबून विचार करावा. हातपाय बर्फासारखे, नाडी जेमतेम लागते, अशा पोराला रक्तदाब उतरवणारी गोळी द्यायची! कोणाही शहाण्या डॉक्टराचा हात कचरावा असेच ते होते. चूक ठरली असती तर दोष वैद्यकाला कोणी दिला नसता, खेड्यातल्या त्या डॉक्टरालाच दिला असता. पण पोरे वाचू लागली. 1986 साली प्राझोसिनविषयीचे लेखनही ‘लॅन्सेट’मध्ये आले, आणि पुढे वेळेवर उपचार मिळालेल्यांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास उतरले. एक गंमत अशी, की गोळीचा गुण येऊ लागला म्हणजे दंशाची कळ परत उठते. पोर कळवळून रडू लागले की डॉक्टराचा जीव भांड्यात पडायचा!

एवढ्यावर थांबले असते तरी त्यांचे नाव राहिले असते. पण पुढे विंचवाची प्रतिलस आली, मुंबईच्या हाफकिनची. (ज्या हाफकिनसाहेबांच्या नावाची ती संस्था, त्यांनी प्लेगची लस 1897 साली आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. 1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवालला लस टोचलेली 19 माणसे धनुर्वाताने गेली, आणि निर्दोष ठरायला त्यांना 1907 साल उजाडले.) प्रतिलस आली तेव्हा स्वतःच्या गोळीचा अभिमान धरून बसणे बावस्करांना सहज शक्य होते. त्यांनी उलट पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह तिचीच परीक्षा मांडली. रोगी 70, निम्म्यांना नुसती गोळी, निम्म्यांना गोळी आणि प्रतिलस. दहा तासांत पुरते बरे झाले ते नुसत्या गोळीवरचे 35 पैकी 8, आणि दोन्ही मिळालेले 35 पैकी 32. 2011 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे आकडे त्यांनी आपल्याच नावाने छापले. 2022 साली पद्मश्री मिळाली, ती त्यानंतर अकरा वर्षांनी.

महाडवरून वाहणारी सावित्री आमच्या उत्तरेला बाणकोटपाशी समुद्राला मिळते. तिच्या दोन्ही तीरांवर यंदाही भात कापून झाले आहे, आणि पेंढा रचायचा आहे.